खुर्चीला वळसा

१

रेवती घाटकोपरच्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. शाळा सकाळची, त्यामुळे ऊन कलायच्या आत ती मुलुंडला घरी असायची. लॅचची किल्ली फिरवायची, चपला दारामागे सारायच्या, पर्स फ्रिजवर टाकायची, तोंडावर पाणी मारायचं आणि कपडे बदलायच्याही आधी चहाचं आधण ठेवायचं. लेक प्रांजल शिकायला बेंगळुरूला गेल्यापासून घरात नवराबायको दोघंच. नवरा, अनय, घरूनच काम करायचा. तो आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, ही स्वयंपाकघरात, मध्ये हॉल. “आलीस?” “आले.” एवढ्यावर त्यांचा दुपारचा संसार भागायचा. बावीस वर्षांनंतर त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं.

त्या दिवशी मात्र तिने दार लोटलं आणि एक चप्पल पायातच राहिली.

“चला. हळूच,” हॉलमधून अनयचा आवाज आला. “माझ्या हातावर भार टाका. घाई नाही आपल्याला.”

आवाज अनयचाच, पण एवढा मऊ आवाज त्याच्याकडे आहे हे रेवतीला ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधी ऐकला असेल तर असेल, तेव्हाचं आता कोणाला आठवतंय? तिच्या काळजात चर्र झालं. कोण बाई आणून बसवलीये याने घरात?

तिने पडद्याआडून पाहिलं. बाई नव्हती. डोक्याला हेडसेटचं धूड चढवून अनय खिडकीजवळच्या खुर्चीपुढे वाकला होता. एक हात हवेच्या पाठीमागून घातलेला, दुसरा हवेच्या कोपराखाली. त्याने त्या हवेला अलगद उभं केलं, तिचा तोल सावरेपर्यंत थांबला, आणि पावलाला पाऊल जुळवत तिला खिडकीपर्यंत घेऊन गेला.

“बघा, जमलं की नाही?” तो म्हणाला आणि हसला.

रेवतीही हसली. दुसरं काय करणार? हवेवर रागावणाऱ्या बाईला लोक ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवतात.

२

काम असं होतं. घरोघरी रुग्णांच्या देखभालीला जाणाऱ्या मुलींना शिकवण्यासाठी अनयची बीकेसीतली कंपनी एक कार्यक्रम तयार करत होती. हेडसेट घातला की आपलीच खोली दिसते, आपलंच टेबल, आपलाच पंखा. पण आपल्या खुर्चीत एक पेशंट बसलेली दिसते. तिला उठवायचं, चालवायचं, परत बसवायचं. हात चुकीच्या जागी धरला की ती कळवळते. नव्या मुलींनी खऱ्या म्हाताऱ्यांवर हात साफ करण्यापेक्षा हे बरं, असं अनयचं म्हणणं होतं आणि ते काही खोटं नव्हतं.

या विषयावर त्याची गाडी सुटली की थांबायची नाही. “आत्ता डोक्यावर पाटा ठेवल्यासारखं वाटतं, पण चार-पाच वर्षं थांब. साध्या चष्म्याएवढं होईल. सर्जन ऑपरेशनच्या आधी सगळं हवेत उघडून बघेल. बिल्डर आपल्या याच जुन्या खोलीत नवा फ्लॅट उभा करून दाखवेल. प्रांजल तिथल्या तिथे बसून आपल्या शेजारी जेवेल. मग घालायची-काढायची भानगडच नाही.”

“आणि समोरचं माणूस खरं की खोटं, ते कसं कळणार?”

“खऱ्या माणसाभोवती पांढरी कड उमटते ना. कोणी जवळ आलं की दिसते, म्हणजे धडकायला नको. पेशंटला कड नाही. तिला आवाजही दिलेला नाही अजून, तो पुढच्या वेळी. सध्या ती नुसती बसते.”

ती बसते ती खुर्ची रेवतीची, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी रेवतीच्या मणक्यातली गादी सरकली तेव्हा डॉक्टरांनी सांगून घेतलेली खुर्ची, ताठ पाठीची, दोन्ही बाजूंना हात असलेली. त्या खुर्चीतून उठणं म्हणजे तेव्हा एक दिव्य होतं. आणि हाच अनय समोर उभा राहून म्हणायचा, “ऊठ ना गं आता. किती वेळ?” त्याच्या एका हातात मोबाइल असायचा. दुसरा मोकळा असायचा, पण तो त्याने पुढे केलेला तिला आठवत नव्हता.

आता हवेला मात्र दोन्ही हात. रेवतीने त्या हेडसेटचं नाव ‘टोपडं’ ठेवलं आणि खुर्चीतल्या बाईला नावच दिलं नाही. मनातल्या मनात ती तिला नुसतं ‘ती’ म्हणायची, जशी सवतीला म्हणतात.

३

मग रेवती घराचं दार आवाज न करता उघडायला लागली. स्वतःच्याच घरात चोरपावलांनी शिरताना तिला लाज वाटायची, पण पाय ऐकायचे नाहीत.

एका दुपारी ती पॅसेजमध्ये उभी असताना आतून आलं, “चल. हळूच. माझ्यावर भार टाक.”

टाका नव्हे, टाक. लग्न ठरल्यावर अनयच्या तोंडून ‘तू’ यायला महिने लागले होते. रेवतीच्या मावशीने तर मुलगा घुमा आहे का म्हणून चौकशीही केली होती. आणि इथे, आवाज नसलेल्या, धड अस्तित्व नसलेल्या बाईला पंधरवड्यात अगं-तुगं.

“पेशंटला अरे-तुरे करतात का तुमच्यात?” चहाचा कप ठेवताना तिने विचारलं.

“मी केलं? लक्षात नाही आलं.” त्याची नजर कपात होती. “सवय गं.”

“कोणाची सवय?”

त्यावर तो नुसता हसला. रेवतीला त्या हसण्याचा राग आला, आणि राग आला याचा आणखी राग आला.

सुदैवाने ते काम लवकरच संपलं. कंपनीने अनयला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या कार्यक्रमावर टाकलं. आता हॉलच्या मधोमध एक न दिसणारी मोटार लटकायची आणि अनय तिच्यात हवेचा पाना घालून घाम गाळायचा. लिफ्टच्या मोटारीचा हेवा करण्याइतकी रेवती अजून वाया गेली नव्हती. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, त्या दिवशी शिरा केला आणि अनयच्या वाटीत बेदाणे जरा जास्तच टाकले.

शिरा खाऊन तो वाटी ठेवायला उठला. टोपडं टेबलावर पडलेलं होतं. हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाताना खुर्चीपाशी त्याने किंचित वळसा घातला. कोणी पाय लांबवून बसलं असेल तर ते ओलांडायला नकोत म्हणून आपण घालतो, तेवढाच. खुर्चीसमोर नुसती फरशी होती.

४

शरीराला वळण लागतं, असं रेवतीने स्वतःला समजावलं. घड्याळ दुरुस्तीला दिलं तरी आपण मनगटाकडे बघतोच. महिनाभर त्या खुर्चीपुढे वाकला, पायांना आठवण राहिली असेल. आज जाईल, उद्या जाईल.

ती जाईना. वाळलेल्या कपड्यांचा ढीग दोन्ही हातांवर घेऊन, समोरचं काही दिसत नसतानाही, तो बरोबर तेवढाच वळायचा. “काय रे, असा का जातोस?” म्हटलं तर, “कसा?” म्हणून विचारायचा, आणि त्याच्या तोंडावर खरंच काही नसायचं.

रविवारी तो दाढी करत असताना रेवतीने खुर्ची उचलून बेडरूममध्ये नेली आणि कपाटाशेजारी ठेवली. सवय असेल तर ती जुन्या जागेला चिकटलेली असणार. हॉलमध्ये वळेल, इथे नाही. साधा हिशेब होता. अनय टॉवेल खांद्यावर टाकून आत आला. खुर्ची तिथे आहे हे त्याने पाहिलंही नव्हतं, तो मोबाइलवर मेसेज वाचत होता. वाचता वाचता तो खुर्चीशी वळला, कपाटातून शर्ट काढला आणि जाताना परत वळला.

रेवती पलंगावर बसून राहिली. चादरीची तीच घडी तिने पुन्हा पुन्हा घातली.

त्या जागी कपाटाचं दार पूर्ण उघडेना, म्हणून खुर्ची परत हॉलमध्ये आली. दुसऱ्या दिवशी रेवती बाल्कनीत कपडे काढत होती आणि मालन केर काढत होती. मालन मूळची देवगडकडची. नवरा गिरणीतून घरी बसला तेव्हापासून मुलुंडमधली घरं धरलेली. हात चलाख, तोंड त्याहून चलाख, आणि कोपरा सोडायची तिची रीत नव्हती. रेवती आत आली तर सगळा हॉल लख्ख, आणि खुर्चीसमोर धुळीचा एक लांबट पट्टा तसाच.

“मालन, इथला केर राहिला गं.”

“ऱ्हवलो नाय, वयनी, ठेवलंय.” मालनने केरसुणी आपटली. “पाय उचला म्हटलंय, तर हललास नाय. मगे भोवतीनच काढलंय. बसलेल्या माणसाक केरसुणी लावू नये.”

“मी बाल्कनीत होते.”

मालनने बाल्कनीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि रेवतीच्या हातातल्या कपड्यांकडे पाहिलं. “डोळे तपासूक व्हये,” ती म्हणाली. पण तो पट्टा तिने झाडला नाही. सुपली उचलून ती सरळ जिन्याच्या दाराकडे गेली.

५

“कोण आहे रे ती?” त्या संध्याकाळी रेवतीने विचारलंच. भाजी चिरायची सुरी तिच्या हातात होती, ती तिने मुद्दाम खाली ठेवली.

“कोण?”

“खुर्चीतली.”

अनय ‘कोणी नाही’ म्हणाला असता तर तिने सोडून दिलं असतं. तो म्हणाला, “तूच आहेस ती.”

“म्हणजे?”

“तुझी कमर धरली होती तेव्हा मी व्हिडिओ काढले नव्हते का? तुला वाटलं डॉक्टरला दाखवायला. थोडे त्यालाही दाखवले. पण खरं म्हणजे तेव्हाच हा प्रोजेक्ट डोक्यात होता. ऑफिसातल्या मुलींना अ‍ॅक्टिंग करायला लावलं होतं, पण ते अ‍ॅक्टिंगच वाटायचं यार. दुखणाऱ्या माणसाचं उठणं वेगळं असतं. म्हणून मग तुझंच घातलं. चेहरा नाही, फक्त उठणं-बसणं. सांगायचं राहून गेलं.”

दुसरी एखादी असती तर तिच्या जिवात जीव आला असता. ज्या बाईच्या नावाने इतके दिवस बोटं मोडली ती आपणच निघाली, म्हणजे भांडणच मिटलं. रेवतीचं उलट झालं. म्हणजे तेव्हा तो मोबाइलमधून तिच्याकडेच बघत होता. नीट, बारकाईने. कळ कुठून निघते, कोपर कुठे धरायचा, किती थांबायचं, सगळं त्याला कळत होतं. कळूनही त्याने ते जपून ठेवलं आणि खुर्चीतलीला दिलं. दुखणं माझं आणि माया तिला. रेवतीचे डोळे भरून आले. ते त्याला दिसू नयेत म्हणून ती गॅसकडे वळली.

“उद्या मालनला देऊन टाकते ही खुर्ची.”

“दे की,” अनय म्हणाला. “तुझीच तर आहे.”

पण खुर्ची गेली नाही. हक्काची वस्तू सवतीच्या धाकाने घराबाहेर काढायची, हे रेवतीच्या मानी स्वभावात बसेना. तिने ठरवलं, आजपासून रोज संध्याकाळी तिथेच बसायचं. मटार सोलायची परात घेऊन ती हॉलमध्ये आली, खुर्चीपर्यंत गेली आणि सोफ्यावर बसली. सोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की सोफ्याकडे जाताना आपणही वळसा घातला.

६

संक्रांत होऊन गेली होती आणि रथसप्तमी तोंडावर आली होती, तेव्हा रेवतीने हळदीकुंकू केलं. दरवर्षीसारखं सोसायटीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. वाण म्हणून स्टीलच्या चहाच्या गाळण्या आणल्या. हिरव्या बांगड्या भरल्या, काळी साडी नेसली. अनयला खालच्या नाक्यावर पिटाळलं.

बायका लोंढ्याने आल्या. सोफा भरला, दिवाण भरला, सतरंजी भरली. वरच्या मजल्यावरची शर्मिष्ठा दाराला टेकून उभी राहिली, तिच्या मागे आणखी चौघी पॅसेजमध्ये. गुडघे दुखणाऱ्या एक आजी भिंतीचा आधार घेत, कण्हत खाली बसल्या. आणि हॉलच्या ऐन मोक्याच्या जागी, खिडकीच्या वाऱ्याला, रेवतीची खुर्ची रिकामी होती.

कोणी बसत नव्हतं. कोणी तिकडे बघून थबकलं, असंही नाही. प्रत्येक बाई आली की खुर्चीपाशी थोडी वळत होती आणि दुसरीकडे जागा शोधत होती.

“शर्मिष्ठा, बस ना तिथे,” रेवती म्हणाली. “उभी काय?”

“अगं, ती बसलीये ना,” शर्मिष्ठा गप्पांच्या नादात म्हणाली आणि परत गप्पांकडे वळली. मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं. “कोण बसलंय? काहीतरीच बोलते मी. तू ठेवलीयेस ना कोणासाठी?”

रेवतीचं डोकं फिरलं. माझ्या घरात, माझ्या हळदीकुंकवाला, माझ्या खुर्चीत पाय पसरून बसायचं आणि बायकांनी तिला मान द्यायचा? ती करंडा घेऊन खुर्चीपुढे उभी राहिली.

“हिला राहिलंच की लावायचं,” ती मोठ्याने म्हणाली. “आमच्याकडच्या नव्या सवाष्ण बाई. आमच्या ह्यांचा फार जीव आहे यांच्यावर.”

बायका हसल्या. रेवतीने बोटावर हळद घेतली, कुंकू घेतलं आणि बसलेल्या बाईचं कपाळ जिथे येईल तिथे हवेत बोट टेकवलं. अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, तिळगूळ आणि गाळणी खुर्चीत ठेवली. आणि हाताला जशी सवय होती तशी जिभेलाही होती, त्यामुळे शेवटी तिच्या तोंडून गेलं, “ये हं पुन्हा.”

हसणं थांबलं. का, ते कोणाला सांगता आलं नसतं. सवाष्णीला दारातून ‘जा’ म्हणत नाहीत हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, आणि रेवतीलाही माहीत होतं. चेष्टेतसुद्धा ‘जा’ म्हणता आलं नव्हतं तिला.

करंडा ठेवताना तिने बोट पाहिलं. बोट स्वच्छ होतं. कुंकू खाली पडलं असेल म्हणून तिने फरशी पाहिली, खुर्चीची गादी पाहिली. मग कोणीतरी मसाला दुधाची ऑर्डर सोडली आणि ती आत गेली.

रात्री झाकपाक करताना खुर्चीतली गाळणी सापडली नाही. पोरंसोरं येतात, उचलतात, असं म्हणून रेवतीने दिवा मालवला.

७

गाळणी सापडली ती सिंकमध्ये.

शाळेतून ती नेहमीसारखी घरी आली, तोंडावर पाणी मारलं, चहाचं पातेलं घ्यायला गेली. पातेलं धुऊन पालथं होतं आणि गरम होतं. सिंकमध्ये नवी कोरी गाळणी, तिच्यात ओला चोथा. आल्याचा वास. अनय आलं घालत नाही. अनय चहाच करत नाही, त्याला गॅसचं कुठलं बटण कुठल्या शेगडीचं हे अजून माहीत नाही.

“चहा झाला का रे तुझा?” तिने आत डोकावून विचारलं.

“आत्ताच तर दिलास.” त्याने वर पाहिलं नाही. “मस्त झाला होता.”

मग असं व्हायलाच लागलं. कधी दोरीवरचे कपडे घडी करून ठेवलेले, कधी कुकरची शिटी ती जिना चढत असताना ऐकू यायची. रेवतीने कारणं शोधली. मालन लवकर आली असेल. आपणच सकाळी केलं असेल, हल्ली विसरायला होतं. चाळिशी उलटली की बायकांचं असं होतं, असं कुठेतरी वाचलं होतं. कारण एकेक घेतलं तर पटायचं, सगळी मिळून पटायची नाहीत.

अनय मात्र खुलला होता. जेवताना बोलायचा, मध्येच हसायचा. “काल काय म्हणालीस तू,” म्हणून असं काही सांगायचा की जे ती म्हणालीच नव्हती. रेवती घास गिळायची. म्हणजे आता तिला आवाजही आला, आणि ती बोलते ते याला आवडतं. आपण शेवटचं कधी असं काही बोललो, की ते याने दुसऱ्या दिवशीपर्यंत जपलं? भीती वाटायची तिला, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी हेवाच वाटायचा.

८

एका शनिवारी अनय बीकेसीला गेला. मोठी माणसं कार्यक्रम बघायला येणार होती, तिथे त्यांचे वेगळे हेडसेट होते. घरचं टोपडं टेबलावर चार्जिंगला लावलेलं राहिलं.

भर दुपार होती. खाली कोणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. रेवतीने टोपडं उचललं, अनय घालायचा तसं डोक्यावर चढवलं, मागची चकती फिरवून आवळलं. एकदाच बघायची होती तिला. काय आहे एवढं तिच्यात, ते डोळ्यांनी बघायचं आणि मिटवून टाकायचं.

समोर तिचाच हॉल उजळला. तीच खिडकी, तोच सोफा, दिवाणावर पडलेली तिची ओढणी. रंग थोडे फिके, बाकी काही फरक नाही. हळूहळू तिने मान खुर्चीकडे वळवली.

खुर्ची रिकामी होती.

रेवतीला हसू फुटलं. इतके दिवस जळलो, रडलो, आणि कोणासाठी? ती खुर्चीपुढे उभी राहून चांगली हसली. मग हसता हसता तिची मान वळली. स्वयंपाकघराच्या दारात एक पांढरी कड उमटली होती.

बाईची कड होती. पदर खोचलेला, हात वर, मांडणीवरून काहीतरी काढणारा. कड क्षणभर थांबली, मान तिरकी झाली, आणि ती भिंतीआड गेली. बांगड्या वाजल्या.

रेवतीने टोपडं ओढून काढलं. स्वयंपाकघराचं दार रिकामं. आत कोणी नव्हतं, दिसतील तेवढी भांडी जागच्या जागी होती. तिने टोपडं टेबलावर ठेवलं. जवळ होती ती खुर्चीच. आणि मनात एकच गोष्ट आली. ती उठली आहे. जागा रिकामी आहे, आणि जागा माझी आहे.

ती बसली. किती दिवसांनी बसली. पाठीला पाठ बरोबर लागली, हात हातांवर आले. खिडकीचा वारा येत होता. आता बघू कोण उठवतं मला, असं तिने मनातल्या मनात ठणकावलं.

मग दारात किल्ली फिरली. ती उठायला गेली आणि कमरेतून ती जुनी, ओळखीची कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. ती परत बसली. पाय आपोआप पुढे लांब झाले.

अनय आला. बूट काढले, बॅग सोफ्यावर टाकली. खुर्चीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा निवळला. डोक्यावर टोपडं नव्हतं, ते टेबलावर होतं, रेवतीला दिसत होतं.

“कंटाळलीस ना बसून?” तो म्हणाला. “चल. हळूच. माझ्यावर भार टाक. घाई नाही आपल्याला.”

त्याचा हात पाठीमागून आला. तळवा गरम होता आणि कळ जिथून निघते तिथेच टेकला होता. दुसरा हात कोपराखाली. रेवतीने भार टाकला. तिला उभं केल्यावर तो थांबला, तिचा श्वास सावरेपर्यंत थांबला, मग पावलाला पाऊल जुळवत खिडकीपर्यंत घेऊन गेला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढ्यासाठीच तर सगळं होतं. मी आहे रे, तिने म्हणायचं ठरवलं, ती नाही, मी. तिने तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं.

“शाब्बास,” अनय म्हणाला. त्याने तिला परत आणून खुर्चीत बसवलं, पाठ नीट टेकवली. मग तिच्या पायांना वळसा घालून तो सोफ्यावर जाऊन बसला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, “रेवती, चहा टाकलास का गं?”

“टाकलाय रे,” आतून आवाज आला. “आले.”

आवाज तिचाच होता. जरा हसरा, एवढाच फरक.

पडदा हलला. हिरव्या बांगड्यांचा हात, दोन कप, कपाळावरचं ओलं कुंकू. खिडकीच्या उजेडाने डोळे दिपत होते, त्यामुळे चेहरा धड दिसला नाही. ती बाई कप घेऊन खुर्चीपाशी आली, सवयीने वळली आणि जाता जाता एकदाच खुर्चीकडे पाहिलं. ती नजर रेवतीला ओळखू आली. महिनोन् महिने तीच नजर घेऊन ती स्वतः पॅसेजमध्ये उभी राहिली होती.

“किती दिवस ठेवायची रे ही खुर्ची?” कप त्याच्या हातात देत ती म्हणाली. “उगाच जागा अडवते. सोमवारी मालनला देऊन टाकते.”

अनयने चहावर फुंकर मारली.

“दे की,” तो म्हणाला. “तुझीच तर आहे.”